गाव वडूज, मुक्काम कुपवाड

मागच्या महिन्यात साताऱ्याहून एक फॉर्म आला. आला म्हणजे फोनवरच. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनी मिळून एक नेटवर्क केलंय, कुठे कुठला आजार दिसतोय यावर नजर ठेवायला. ते चालवणाऱ्यांना आता हिशोब हवा होता. ‘या नेटवर्कमुळे तुमच्या दवाखान्यातल्या उपचारांत काय फरक पडला? सविस्तर लिहा.’ आणि खाली एक रिकामा चौकोन.

रविवारची दुपार होती, जेवण जास्त झालं होतं, आणि माझ्या मनात पहिलं उत्तर आलं ते ‘डोक्याचा ताप वाढला’ असंच. खरं तर ते टाईपही केलं होतं. मग मला तो वॉचमन आठवला आणि मी ते खोडलं.

आधी माझं सांगते. मी मूळची फलटणची, ऊसवाल्याच्या घरातली. लग्न होऊन सांगलीला आले आणि कुपवाडच्या रस्त्याला दवाखाना टाकला, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तोंडाने फटकळ आहे. कुत्र्यांशी गोड बोलते, त्यांच्या मालकांशी बोलायची वेळ आली की माझा पारा चढतो. चार दिवस कुत्रं जेवलं नाही, पाचव्या दिवशी उचलून आणायचं आणि वर विचारायचं, ‘लगेच बरं होईल ना?’ मग मी काय आरती ओवाळू?

माझ्या तोंडाला पुरून उरलेला एकच माणूस, माझे कंपाउंडर. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. सांगलीतल्या गाद्या भरणाऱ्यांच्या घरातले, वय साठीला टेकलेलं, आणि अक्षर असं की केस पेपर फ्रेम करून लावावा. दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी स्टूल द्यायचं, मग पाणी, मग विचारायचं, “कुठलं गाव?” त्यावरून ओळखीपाळखी निघतात, तिकडचा पाऊस निघतो, कुणाची सोयरीक निघते, आणि तोवर घाबरलेला माणूस जरा शांत होतो. चाचांची ही पद्धत मला फार आवडायची. नाव, कुत्र्याचं वय, गाव, सगळं ते मोत्यासारख्या अक्षरात वहीत उतरवायचे.

नेटवर्क सुरू झालं तेव्हा साताऱ्याला एका हॉलमध्ये आम्हाला बोलावलं होतं. चहा, बिस्किटं, पडद्यावर दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा. दर शनिवारी फोनवर नोंदी भरायच्या: काय आजार, किती जनावरं, कुठलं गाव. नोंदी साचल्या की नकाशावर ते गाव हिरव्याचं पिवळं होणार, पिवळ्याचं लाल. मी मागच्या रांगेत बसून शेजारणीला म्हटलं, हे म्हणजे आपण राबायचं आणि नकाशा ह्यांनी रंगवायचा. घरी येऊन ते काम चाचांच्या गळ्यात टाकलं. ते त्याला ‘शनवारचं काम’ म्हणायचे आणि चष्मा पुसून, वही उघडून, एकेक ओळ फोनमध्ये भरायचे. मी एकदाही डोकावून बघितलं नाही.

खरं सांगायचं तर गरजच वाटली नाही. आम्ही गावोगावचे डॉक्टर आपापल्या खोलीचे राजे. शेजारच्या दवाखान्यात काय चाललंय ते औषध कंपनीच्या माणसाकडून कळायचं, तेही तिखटमीठ लावून. माझ्याकडे पिवळं पडलेलं कुत्रं आलं की मी आधी कानामागे बघायची. गोचीड सापडली की झालं, गोचीड ताप. आमच्या भागात गोचीड सापडत नाही असं कुत्रं दाखवा मला. इंजेक्शन द्यायची, बहुतेक बरी व्हायची, काही जायची. जायची त्यांच्याबद्दल मी ‘उशिरा आणलं’ असं म्हणून मोकळी व्हायची.

त्या वर्षी गणपतीच्या आधी पाऊस आठवडाभर हटलाच नव्हता. तेव्हा आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन पिवळी कुत्री आली. पहिलं एका वेल्डिंगवाल्याचं, तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं एका टपरीवालीचं, तिनं दोन सलाइन झाल्यावर घरी नेलं ते परत आणलंच नाही. दोघांच्या कानामागे गोचिडी होत्या. मी माझं नेहमीचं औषध दिलं आणि विसरले.

पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या फोनवर नेटवर्कचा संदेश आला. खटाव तालुका, वडूज: कावीळ झालेल्या कुत्र्यांच्या चार नोंदी, एकाच्या तपासणीत लेप्टो निघाला आहे, सावध राहावे. सोबत नकाशा, त्यात वडूज लालभडक. लेप्टो म्हणजे उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरणारा आजार, कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. मी संदेश वाचला आणि चाचांना म्हटलं, बरं झालं बाई, आपलं कुपवाड स्वच्छ आहे. हे वाक्य मी बोलले ते मला चांगलं आठवतं, कारण नंतर ते मला फार दिवस टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वडूजच्या डॉक्टरांचा फोन आला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, जन्मभर म्हशी-शेळ्या बघितलेले, आता हौसेनं कुत्रीही बघतात. भयंकर चिडलेले होते. तो नकाशा कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला होता आणि वडूजमध्ये नुसता धुमाकूळ. लोक दारातली कुत्री हाकलून देत होते, काहींनी पोत्यात घालून माळावर सोडली. ते एकेकाच्या दारात जाऊन समजावत होते आणि त्यांच्याकडे महिनाभरात एकही पिवळं कुत्रं आलेलं नव्हतं. नेटवर्कमधल्या प्रत्येक दवाखान्याला ते एकेक करून फोन लावत होते, ही नोंद नेमकी कुणी केली म्हणून. मी म्हटलं, मी नाही बाई, मी कुपवाडची.

“आवं मॅडम,” ते म्हणाले, “हितं कुत्र्याला प्यायला पानी न्हाई. लेप्टो व्हायला डबकं तरी कुठनं आनू?”

मी हसले आणि फोन ठेवला. हसले, याचीही आता लाज वाटते.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला तो वॉचमन आला. निवृत्त फौजी, पन्नाशीचा, एका कारखान्याच्या गेटवर असायचा. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब. गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत तो आणि त्याची कुत्री. तो तिला ‘बया’ म्हणायचा. दरवर्षी रेबीजची लस द्यायला न चुकता आणायचा, सायकलच्या मागे कॅरेटमध्ये बसवून. त्या दिवशी मात्र त्यानं तिला हातांवर उचलून आणलं होतं. दोन दिवस ओकत होती. मी तिची पापणी वर केली तर डोळे हळदीसारखे पिवळे.

सवयीनं माझा हात कानाकडे गेला. गोचीड होती. असणारच. औषधाच्या कपाटाकडे वळले, आणि पाठीमागून चाचांचा आवाज आला, वहीत लिहितालिहिता मोठ्यानं म्हणायची त्यांची सवय आहे: “गाव, वडूज.”

मी जागच्या जागी थांबले. म्हटलं, आली की नाही साथ आपल्या दारात. वळून वॉचमनला विचारलं, “वडूजहून कधी आणलीत हिला?”

तो गोंधळला. “तिला कशाला आनतोय वडूजवरनं? ती हितलीच हाय. कारखान्याच्या शेडमागं जल्मली, पत्र्याखाली.”

“मग चाचांना वडूज का सांगितलं?”

“त्यांनी गाव इच्यारलं,” तो म्हणाला. “गाव वडूजच की माजं.”

चाचांच्या हातातून वही ओढली आणि मागची पानं उलटली. वेल्डिंगवाला, गाव वडूज. टपरीवाली, गाव वडूज. वेल्डिंगवाला तर आमच्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर राहायचा, मला त्याचं घर माहीत होतं! लाल नकाशातल्या चारातल्या दोन नोंदी माझ्या होत्या. शनिवारी चाचांनी प्रामाणिकपणे जसंच्या तसं भरलं होतं.

मी चाचांवर जी बरसले, ती वॉचमनसमोरच बरसले. सगळं ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्हाला कुणी गाव विचारलं तर तुम्ही काय सांगता?”

सव्वीस वर्षं सांगलीचं पाणी पितेय, पण कुणी विचारलं की तोंडातून फलटणच येतं. आमच्याकडे गाव म्हणजे जिथं आपली भावकी आहे, जिथल्या जत्रेला जायचं ते. राहतो ते ठिकाण पोटासाठी, त्याला गाव कोण म्हणतं? अर्धं कुपवाड असंच आहे, खटावचं, माणचं, जतचं. चाचांनी विचारलं ते बरोबर होतं आणि लोकांनी सांगितलं तेही बरोबर होतं. चूक माझी होती. हॉलमध्ये बिस्किटं खाताना मी विचारायला हवं होतं की गाव म्हणजे कुठलं.

मग आम्ही हात चालवले. हातमोजे घातले, जे मी आधीच्या दोन कुत्र्यांच्या वेळी घातले नव्हते. बयेचं रक्त आणि लघवी तपासायला पाठवली, पण उत्तराची वाट बघत बसले नाही. पेनिसिलिन शिरेतून, सोबत सलाइन. इकडे चाचांनी फोन लावायला घेतले. वेल्डिंगवाला, टपरीवाली, आणि नेटवर्कच्या यादीवरून सांगलीतले एकेक डॉक्टर; त्यांतल्या दोघांच्या नोंदीत ‘वडूज’ निघालं. त्यांनी त्यांच्या मालकांना विचारलं. अर्ध्या तासात चारही उत्तरं आली. सगळी कुत्री एकाच गल्लीतली, कारखान्याच्या शेडमागच्या. टपरीवालीचं घरीच गेलं होतं, तेही तेव्हा कळलं. त्या गल्लीत पशुखाद्याचं गोदाम, गोदामाला घुशी, आणि गोदामाच्या मागे पावसानं भरलेला मोठा खड्डा. वॉचमनची खोली त्या खड्ड्याच्या काठावर.

हे सगळं होईपर्यंत मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. माणसाकडे बघायची मला सवय नाही, मी टेबलावर जे असेल ते बघते. तो स्टुलावर बसून दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबत होता. मी विचारलं, पाय दुखतायत का? म्हणाला, चार दिवस लय ठणकतायत, गेटवर उभं राहून. ताप? थोडा, मेडिकलमधनं गोळी घेतली. मी जवळ जाऊन त्याचे डोळे बघितले. लालभडक. आणि टाचा भेगांनी फुटलेल्या; त्याच पायांनी तो रोज त्या खड्ड्यातनं ये-जा करत होता.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात चला. तो हसला. फौजेत असताना ह्याच्या दुप्पट तापात डोंगर चढलोय, म्हणाला. बयेची सलाइन संपू दे, मग बघू. मी म्हटलं तुम्हाला कळत नाहीये. तो म्हणाला, ह्या पोरीला सोडून न्हाई जायचा मी. तिच्याशिवाय मला कोण हाय?

मी ओरडले. एवढी ओरडले की बाहेर बसलेलं मांजर पिंजऱ्यात फिसकारायला लागलं. म्हटलं, तुम्ही मेलात तर हिला कोण आहे? हे बोलायला नको होतं, पण तेच लागू पडलं. तो बयेकडे बघत राहिला. मी आवाज खाली आणला आणि सांगितलं, हिची जबाबदारी माझी. तुम्ही परत येईपर्यंत ही इथून हलणार नाही. एका कागदावर ठळक अक्षरात लिहिलं की कुत्र्याला लेप्टोचा संशय आहे, माणूस रोज तिच्यासोबत असतो, कृपया त्या दृष्टीने तपासा. चाचांनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि नेलं.

परत आले ते तीन तासांनी. टोपी काढली, स्टुलावर बसले. भरती करून घेतलं, म्हणाले. कागद बघून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लगेच हालचाल केली, नाहीतर साधा ताप म्हणून गोळ्या देऊन पाठवला असता. लघवी कमी व्हायला लागली होती. किडनी निकामी व्हायच्या आत आणलंत, असं त्या म्हणाल्या. मग चाचा म्हणाले, “तिथल्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, गाव? मी बोलणार तोच हा बोलला. कुपवाड म्हणाला. गोदामाच्या मागची गल्ली, नीट लिवा, म्हणाला.”

त्या नीट लिहिलेल्या पत्त्यावर दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं आली. गल्लीतल्या आणखी दोघांना ताप निघाला, दोघांनाही वेळेवर औषध मिळालं. खड्डा मुरूम टाकून बुजवला. गोदामवाला कुरकुरला, मी जाऊन त्याच्याशी माझ्या पद्धतीनं बोलले, मग कुरकुरायचा थांबला. बयेच्या तपासणीतही लेप्टोच निघाला. गल्लीतल्या उरलेल्या कुत्र्यांना आम्ही लसी दिल्या. मी आणि चाचांनीही आपापली तपासणी करून घेतली, सुदैवानं काही निघालं नाही.

वडूजला फोन करायचा होता, तो मी दोन दिवस टाळला. शेवटी केला. सांगितलं की नोंद माझी होती, तुमच्या गावात काही नव्हतं, माझ्यामुळे तुमची कुत्री माळावर गेली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. डॉक्टर म्हणाले, सोडलेल्यातली बरीच लोकांनी परत आणलीत, दोन-तीन सापडली नाहीत. ती मी शोधतोय. मग म्हणाले, तुमी फोन केला हे बरं केलं. मी त्यांना तेव्हा सॉरी म्हटलं, नंतरही दोनदा म्हटलंय.

साताऱ्याच्या पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर हे सांगितलं. हॉल आधी हसला. हसता हसता एकेकाचा चेहरा उतरला. जो तो फोन काढून आपापल्या नोंदी चाळायला लागला. कराडच्या एका डॉक्टरांकडे येणारी निम्मी कुत्री कागदावर पाटणच्या डोंगरात राहत होती. त्याच दुपारी फॉर्ममधला ‘गाव’ हा रकाना काढला. त्या जागी काय लिहायचं यावर तासभर वाद झाला. मी म्हटलं, सरळ विचारा ना, काल कुत्रं कुठं झोपलं होतं. तोच प्रश्न आजही फॉर्ममध्ये आहे.

तर, काय फरक पडला? त्या रविवारी मी जुन्या वह्या काढून बसले होते. नेटवर्कच्या आधीच्या वहीत पिवळ्या कुत्र्यांच्या ओळी आहेत, आणि प्रत्येकीपुढे माझे तेच उपचार, तेच शब्द. त्यांतली किती खरोखर गोचीड तापाची होती ते मला आता कधीच कळणार नाही. नंतरच्या वहीत समासात चाचांच्या अक्षरात फोन नंबर आहेत: कुणाला विचारलं, कुठे पाठवलं, काय उत्तर आलं. औषधं बदलल्याच्या खुणा आहेत. नेटवर्कनं एका निष्पाप गावाला घाबरवलं हेही खरं, आणि माळावरची ती न सापडलेली कुत्री माझ्या डोक्यावर आहेत. पण माझी चूक माझ्याच वहीत राहिली असती तर ती सुंदर अक्षरात तशीच पडून राहिली असती. ती लाल होऊन नकाशावर आली, म्हणून वडूजचा एक माणूस चिडला, आणि तो चिडला म्हणून माझा हात कपाटाकडे जाता जाता थांबला.

चौकोनात मी हे सगळं लिहिलं नाही. तेवढी जागाच नव्हती.

वॉचमन अकराव्या दिवशी सुटला. सरळ दवाखान्यात आला, वाळलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. बया तोवर चालाफिरायला लागली होती, चाचांच्या डब्यातली पोळी चोरायलाही लागली होती. तिला आधी वास आला. ती भुंकली नाही, नुसती थरथरत त्याच्या पायांशी जाऊन बसली आणि त्याच्या टाचा चाटायला लागली. मी ओरडले, चाटू देऊ नका, अजून औषध चालू आहे. कुणीच ऐकलं नाही.

चाचांनी बयेला घरी सोडण्याचा कागद भरायला घेतला. चष्मा लावला, पेन उचललं आणि नवा प्रश्न विचारला, राहता कुठं?

तो खाली बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. मान वर न करता म्हणाला, “चाचा, अकरा वरसं झाली मला हितं येऊन. कुठला हायस असं समद्यांनी इच्यारलं. ऱ्हातोस कुठं, हे कुनी इच्यारलंच न्हवतं.”

चाचांनी पेन खाली ठेवलं. मग त्याला पाणी दिलं, पुन्हा पेन घेतलं, आणि त्यानं सांगितला तसा पूर्ण पत्ता लिहिला: कुपवाड, गोदामाच्या मागची गल्ली, गेटजवळची पत्र्याची खोली. मी तो कागद वाचला आणि सही केली. मागच्या महिन्यात, त्या रविवारी, फॉर्मच्या चौकोनात मी एवढंच लिहिलं: गोदामाच्या मागच्या गल्लीतली एक कुत्री वाचली, आणि तिचा माणूसही.